भामामावशी आणि चार्जरचा बल्ब

भामाबाई लोहगडवाडीची सुईण. सकाळी डोंगर उतरून मळवलीत यायची, आमच्यासारख्या चार घरांतल्या बाळांना न्हाऊमाखू घालायची आणि उन्हं कलली की परत वर जायची. १९७३ साली माझी पद्मजा तिच्याच हातांवर आली. तेव्हापासून ती आमची भामामावशी.

तिच्या टोपलीत तेलाच्या बाटलीशेजारी बॅटरीचा दिवा असे. अडलेल्या बाईकडे अंधारातून जावं लागतं म्हणून दवाखान्याने तीन सुइणींना असे दिवे दिले होते. वाडीत वीज नव्हती. त्यामुळे मावशी ज्या घरी बाळ न्हाऊ घाली, तिथेच दिवा चार्जिंगला लावी. चार्जर म्हणजे पत्र्याची डबी, तिला काचेची खिडकी आणि आत बोटाच्या पेराएवढा बल्ब. "बल्ब झकास पेटला की झालं काम," असं कंपाउंडर गंगाधरने सांगितलं होतं. म्हणून मावशी तासाभरात, बल्ब लख्ख असतानाच, प्लग काढायची.

महिन्याभरात दिवा मिणमिणू लागला. बाकीच्या दोघींचे दिवे तर 'बॅटरी मेली' म्हणून गंगाधरने कपाटात टाकले होते. मावशीलाही निरोप आला, सोमवारी दिवा जमा करा.

"जमा करा म्हनं! कंदील वाऱ्यानं इझतो. एका हातानं त्यो सावरू, का पोर सोडवू?"

शनिवारी ती हे बोलत होती तेव्हा मी माझ्याच काळजीत होते. पद्मजा पाच मिनिटं जोरात प्यायची, मग मंदावायची. तिचं पोट भरत नाही असं वाटून मी तिला पुन्हा पुन्हा उठवत होते.

"आगं, रिकामी आसती तवा कशी वडती बघ," मावशी म्हणाली. "भरत आली की वड कमी व्हती. तू घड्याळाकडं बघतीस. पोरीकडं बघ की!"

त्या दिवशी पद्मजाने रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून मावशी दुपारभर आमच्याकडेच थांबली. दिवा तसाच चार्जिंगला राहिला. निघताना ती ओरडली, "ताई, आता बल्ब बी मेला!"

बल्बची तार जेमतेम लाल दिसत होती. प्लगकडे गेलेला मावशीचा हात मधेच थांबला. तिने झोपलेल्या पद्मजाकडे पाहिलं, मग डबीकडे.

"सकाळी दिवा रिकामा व्हता, तवा बल्ब लख्ख. आता मंद. ताई, ह्याची बी वड कमी झाली का काय?"

मी बी.एस्सी. झालेली, पण इतके दिवस ती डबी उघडून पाहायचं मला सुचलं नव्हतं. प्लग काढून मी स्क्रू सोडवले. आत फारसं काही नव्हतं. घरातली वीज सौम्य करणारा ट्रान्सफॉर्मर, तिला एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड आणि वाटेतच बसवलेला तो बल्ब. बॅटरीकडे जाणारी सगळी वीज त्याच्यातूनच जात होती. बॅटरी रिकामी असली की ती जास्त वीज ओढते आणि बल्ब लख्ख पेटतो. भरत आली की ओढ घटते, बल्ब मंदावतो.

"म्हंजी आमी त्याला रोज आर्ध्या जेवनावरनं उठवत व्हतो," मावशी म्हणाली. "आन् मधीच वीज गेली तर भरल्यालं मागं सांडंल का?"

"नाही. डायोड उलट येऊ देत नाही."

"मग ब्येस."

रविवारी तिने सांगावा धाडला. आदल्या रात्री जेवणानंतर लावलेला दिवा कोंबडा आरवेपर्यंत जळत होता.

सोमवारी पद्मजाला घेऊन मीही दवाखान्यात गेले. गंगाधर रजिस्टर उघडून बसला होता.

"ठेवा भामाबाई दिवा टेबलावर."

"ठिवते. आदी कपाटातलं दोन काड."

"मेलेल्या बॅटऱ्यांना काय चार्जिंग करता?"

"निळी पडल्याली पोरं म्या रडवल्यात. तुजं दिवं काय घिऊन बसलास!"

मावशीच्या दिव्यासकट तिन्ही दिवे चार्जिंगला लावले. बल्ब लख्ख पेटले. तासाभराने सवयीने गंगाधरचा हात प्लगकडे गेला, तर मावशीने त्याच्यावर चापट मारली. "भरू दे त्याला!"

उन्हं कलेपर्यंत तिन्ही बल्ब मंद झाले. मावशीने तिन्ही दिवे टेबलावर मांडून एकदम पेटवले. गंगाधरने डोळ्यांवर हात धरला. आतून डॉक्टर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रजिस्टरातली 'जमा' ही ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

"मावशी," गंगाधर म्हणाला, पहिल्यांदाच मावशी, "बाकीच्या दोघींना तुम्हीच समजावून सांगाल का?"

"सांगंन की. तू बी येऊन बस ऐकायला."

तिने आपला दिवा उचलला. बाजारात अजून चांगलं दिसत होतं. तरी तो पेटता धरूनच ती दुकानांसमोरून चालत गेली.