कोचच्या यादीतली एक जागा

नयनाने हँडल सोडलं आणि उजवा हात डाव्या काखेखाली दाबून धरला. मशीनचा पंखा घरघरत हळूहळू थांबला.

"काय झालं?"

"काही नाही सर. सकाळी शिंक आली, तेव्हापासून जरा..."

"शिंकताना कळ आली?"

तिने मान खाली घातली.

मी फौजेत रोइंगचा कोच होतो. रोइंग म्हणजे वल्ह्यांच्या बोटींची शर्यत. शिंकताना, खोकताना, कुशीवर वळताना बरगडीत कळ येते म्हणजे काय झालंय, हे कळायला मला डॉक्टर लागत नाही. रोवरची बरगडी एका दणक्यात मोडत नाही. रोज तेच ओढणं, त्याच जागी ताण, आणि एक दिवस हाडाला केसासारखी चीर जाते. ओढत राहिलं की चीर वाढते.

तो मंगळवार होता. शनिवारी अमेरिकेतली एक कोच व्हिडिओवर नयनाची टेस्ट बघणार होती.

इथे थोडं मागचं सांगतो. रिटायर झाल्यावर मी गावी आलो. गाव तापीकाठी, शहादा तालुक्यात. बॅरेजमुळे आमच्याकडे हिवाळा-उन्हाळा नदी तलावासारखी शांत असते. एवढं सरळ, सपाट पाणी बघून माझ्यातला रोवर गप्प बसेना. जुन्या ओळखीतून दोन वापरलेल्या बोटी आणल्या. पहिल्यांदा पोरं आली, महिन्याभरात पांगली. नयना राहिली. ताडमाड उंच, लांब हातांची, आणि बोलणं कमी. तिचे वडील भीमराव पाटील माझे शाळेपासूनचे दोस्त. केळी आणि कापूस करतात. बारावीला ती लोणखेड्याच्या कॉलेजात पहिली आली, त्याच वर्षी ज्युनिअर नॅशनलला मेडल आणलं.

त्या शर्यतीचा व्हिडिओ कोणीतरी नेटवर टाकला. तो बघून कोच मेगनचा मेल आला. विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही, पण तुम्ही ऐकलेलं असेल. शंभर जणांनी अर्ज केला तर चार-पाच जण आत जातात, असल्यांपैकी.

आम्हाला वाटलं होतं, ॲडमिशन म्हणजे मार्क. मेगनने समजावलं तेव्हा मी थक्क झालो. तिथे प्रत्येक खेळाच्या कोचला काही मोजकी नावं ॲडमिशन ऑफिसकडे न्यायची मुभा असते. आधी ऑफिस त्या मुलांचे मार्क तपासतं. मार्क कच्चे असतील तर कोचचंही काही चालत नाही. पण मार्क पक्के असतील आणि कोच म्हणाला, 'ही मला माझ्या बोटीत हवी', तर त्या शब्दाला फार वजन. तिथल्या श्रीमंत शाळांच्या स्वतःच्या नद्या असल्यासारखं आहे. बोटी, कोच, सगळं पोरांच्या दारात. खरं तर हा दरवाजा त्यांच्याच मापाचा केलेला. तापीकाठची मुलगी त्यातून आत जाईल, असं तो करणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

नयनाच्या मार्कांना ऑफिसने हिरवा कंदील दिला होता. मेगनच्या यादीत एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी दोघी होत्या. दुसरी त्यांच्याकडचीच. शनिवारची टेस्ट झाली की सोमवारी यादी जाणार.

टेस्ट अर्गवर होती. अर्ग म्हणजे जमिनीवरची बोट समजा. सरकणारी सीट, साखळीला बांधलेलं हँडल, पुढे पंखा. जेवढं जोरात ओढाल, तेवढी हवा अडवते. वीज लागत नाही, वशिला लागत नाही. दोन हजार मीटर ओढायचे. स्क्रीनवर जो वेळ येईल तो जगात कुठेही तोच.

पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडले की तापी अंगावर येते. बोट उतरवता येत नाही. म्हणून जूनपासून नयना रोज अर्गवरच होती. बरगडी तिथेच गेली.

मी तिला मशीनवरून उठवलं आणि भीमरावांना फोन केला. ते शेतातून तसेच आले. चिखलाचे बूट पत्र्याच्या शेडबाहेर काढले.

"कितला टाइम लागस त्या टेस्टले?" त्यांनी विचारलं.

"सात मिनिटं. थोडी जास्त."

"सात मिनिटनी तं गोट शे, सुभेदार. गोळी खाईसन करी टाकू दे. मंग महिनाभर आराम करी."

भीमराव वाईट माणूस नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. आणि खरं सांगायचं तर ते शक्य होतं. दुखणं मारून सात मिनिटं ओढणारे रोवर मी पाहिलेत. मेगनला समुद्रापलीकडून बरगडी दिसणार नव्हती.

"दुसरी पोर काय आपली वाट दखत बसावशे?" ते म्हणाले.

मी नयनाकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

तिने सोडलेलं हँडल जागेवर अडकवलं. मग वडिलांकडे वळली.

"आप्पा, मी कोचले सांगसू."

"काय सांगशी?"

"बरगडी गयी म्हणीसन."

"आनि ती जागा?"

"कोच मले बोटमा बसाडाले बलाई ऱ्हायनी, आप्पा. मन्हासंगे आखो सात जणी राहतीन. मी खोटं बोलीसन बसनू तं त्यासनं नुसकान."

भीमराव शेडबाहेर आले. बूट घातले आणि निघून गेले.

संध्याकाळी आम्ही मेगनला कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती. चाळिशीची बाई, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी. नयनाने नमस्कार वगैरे केला आणि सरळ विषयाला हात घातला. दुखणं कधीपासून, कुठे, कशाने. तिचं इंग्रजी माझ्या फौजी इंग्रजीपेक्षा कितीतरी साफ. शेवटी म्हणाली, "शनिवारी मी टेस्ट देऊ शकत नाही."

मेगन पुढे झुकली. "तुला माहीत आहे, सोमवारी मला नाव द्यायचंय?"

"हो, कोच."

"डॉक्टरने सांगितलं का, चीरच आहे म्हणून?"

"उद्या सुरतेला एमआरआय करणार आहोत. पण सरांना खात्री आहे."

मेगन माझ्याकडे वळली. "सुभेदार, तुम्ही आठ जणांच्या बोटीत हिला बसवाल?"

"आज नाही."

"आणि बरी झाल्यावर?"

"स्ट्रोक सीटवर."

ती किंचित हसली. स्ट्रोक सीट म्हणजे ती जागा, जिच्या लयीत मागचे सगळे ओढतात. तिथे सगळ्यात ताकदवान माणूस बसवत नाहीत. ज्याची लय बिघडत नाही त्याला बसवतात.

एमआरआयमध्ये चीर निघाली. सोमवारी मेगनचा मेल आला. ऑफिसला टेस्टचा वेळ दाखवल्याशिवाय ती नाव देऊ शकत नव्हती. जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. मेलमध्ये गोड शब्द नव्हते. 'बरी हो, मला कळवत राहा', एवढंच.

नंतरचे दिवस जड गेले. भीमराव रस्त्यात भेटले की नुसती मान हलवायचे. गावात बातमी पसरली होती. 'आम्रिका गयी हातनी', असं लोक पानटपरीवर बोलायचे. नयनाने मात्र एकदाही हळहळ केली नाही. मला नवल वाटायचं. रोज सकाळी शेडमध्ये यायची. ओढायची मनाई होती, म्हणून पायांचा व्यायाम करायची आणि गावातल्या लहान मुलींना अर्गवर बसायला शिकवायची. दर आठवड्याला मेगनला चार ओळी लिहायची. आज कुशीवर झोपता आलं. आज खोकताना दुखलं नाही. मेगनचं उत्तर कधी यायचं, कधी नाही.

पाऊस ओसरला तसं डॉक्टरांनी हलकं ओढायला परवानगी दिली. आणि एका संध्याकाळी मेगनचा फोन आला. थेट माझ्याच मोबाईलवर.

"त्या मुलीने दुसरं विद्यापीठ घेतलं," ती म्हणाली. "चांगल्या मुलींना चार-चार कोच बोलावतात, असं होतं. जागा मोकळी आहे. अर्जाची मुदत जवळ आली आहे. बरगडी कशी आहे?"

"भरलीय. पण वेग परत आलेला नाही."

"मला वेग नको, खरं काय ते हवंय. घ्या टेस्ट."

टेस्टच्या दिवशी शेडमध्ये लॅपटॉप स्टुलावर ठेवला. स्क्रीनवर मेगन होती. मी भीमरावांना बोलावलं नव्हतं. तरी ते आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांनी मुलीला अर्गवर कधी बघितलं नव्हतं.

नयनाने ओढायला सुरुवात केली.

दोन हजार मीटर कसे ओढतात, ते सांगतो. बहुतेक जण सुरुवातीला जोशात पळतात. मध्यावर छाती पेटते, पाय दगड होतात, वेग पडतो. मग शेवटी जीव खाऊन भरपाई करायची. पाचशे-पाचशे मीटरचे चार तुकडे असतात आणि ते चारही सारखे ओढणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. शरीर ओरडत असतं, तरी डोकं थंड ठेवावं लागतं. मी आयुष्यभर जवानांना ते शिकवलं. जमलं ते दोघा-तिघांना.

पहिला तुकडा झाला. मी वेळ बघितला. दुसरा झाला. तोच वेळ. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, केस चेहऱ्याला चिकटले होते. पंख्याचा आवाज मात्र एकसारखा. वर नाही, खाली नाही. तिसऱ्या तुकड्यात, जिथे सगळे पडतात, तिथे मी श्वास रोखून धरला. तोच वेळ. भीमराव भिंत सोडून गुडघ्यांवर आले होते. "हाई काय शे, सुभेदार," ते पुटपुटले. चौथा तुकडाही तसाच. सेकंदाच्याही आत फरक.

मी चाळीस वर्षं बोटी बघतोय. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये जे बघितलं, तसं मी नॅशनलच्या फायनलमध्येही बघितलेलं नाही.

ती सीटवरून बाजूला घसरली आणि फरशीवर आडवी झाली. भीमराव धावले. मी त्यांचा दंड धरला. "थांबा. श्वास घेऊ द्या."

स्क्रीनवर मेगन उभी राहिली होती. तिने वेळ विचारला नाही. "बरगडी?" एवढंच विचारलं.

नयनाने झोपल्या झोपल्या डावा हात डोक्यावर सरळ उचलला आणि अंगठा दाखवला.

जूनमधल्यापेक्षा तिला वेळ जास्त लागला होता. मी तसं मेगनला सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "वेग मी वाढवू शकते. हे असं ओढायला मी शिकवू शकत नाही."

दिवाळीच्या आसपास विद्यापीठाचा मेल आला. ॲडमिशन जवळपास नक्की, पक्कं पत्र नंतर येईल, असा त्याचा अर्थ. खेळासाठी तिथे स्कॉलरशिप देत नाहीत. घरची परिस्थिती बघून फी माफ करतात, तशी झाली. भीमराव पेढे घेऊन माझ्याकडे आले. पेढा हातात दिला आणि बराच वेळ हात सोडलाच नाही. मग म्हणाले, "मन्हं ऐकं नही ते बरं करं पोरनी."

गेल्या महिन्यात नयनाने बोटीचा फोटो पाठवला. आठ मुली. स्ट्रोक सीटवर दुसरीच कोणी होती, ही मध्ये कुठेतरी. मी विचारलं तर म्हणाली, "सर, इथे सगळ्याच भारी आहेत. मिळेल." मला हसू आलं.

आता शनिवार-रविवार नंदुरबारहून, शहाद्याहून आईबाप पोरांना घेऊन येतात. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, "साहेब, अमेरिकेच्या ॲडमिशनचा हा कोर्स किती महिन्यांचा?"

मी विचारतो, "पोराला पोहता येतं का?"

बहुतेकांना येत नाही. मग मी सांगतो, आधी ते शिकवा. बोट उलटते.