छापील कागदावरची लाल ओळ

भुताखेताच्या गोष्टी मी कधी ऐकून घेतल्या नाहीत. सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हटलंय. चौथी शिकलोय, चुका असतील... सुधारून वाचा, नाहीतर वाचू नका.

संगमेश्वर तालुक्यात आमची वाडी, खाली दवाखाना. आमच्या हिला पेनिसिलीनची सुई चालत नसे. जुन्या सिस्टरबाईंनी तिच्या केसपेपरवर लाल पेनाने लिहिलेलं – ‘ही सुई द्यायची नाही.’ त्या ओळीवर ती तीस वर्षं जगली.

मग कॉम्प्युटर आला. जुने कागद गोणीत भरून नेले. नोंदणीला मोबाईल नंबर पाहिजे म्हणाले. वाडीत रेंज नाही, म्हाताऱ्यांकडे फोन नाही. रेंज वर सड्याच्या माळावरच. सगळ्यांनी तिथल्या दुकानदाराचा नंबर दिला. मूर्खपणा आमचा. पण अख्खी वाडी एका नंबरावर, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही दिसू नये?

हिच्या पायाला जखम झाली म्हणून नेली. नंबर टाकला, भलत्याच बाईची माहिती निघाली. ही म्हणाली, “मला ती सुई नको हो.”

नवा डॉक्टर म्हणाला, “आजी, इथे तसं काही दाखवत नाही.”

अर्ध्या तासात संपली.

महिन्याने भांडायला गेलो. भर सकाळी, ओपीडी भरलेली. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, “माझ्या बायकोचा कागद काढ.”

“तात्या, सिस्टीममध्ये नाहीये. मी काय करू?”

“तू काय करणार. यंत्र राखायला बसवलीय तुला.”

माझ्यामागे शेजारची सुनंदा, तापाने फणफणलेली. तिचा कागद छापून आला... वर लाल ओळ. ‘ही सुई द्यायची नाही.’ त्या प्रिंटरात काळी शाईच असते. मुलगी पांढरी पडली.

सुनंदा म्हणाली, “भावजी, मना ती सुई कधी टोचलेलीच नाय. मना काय ठाव?”

डॉक्टरने या खेपेला आधी थेंबभर टोचून पाहिलं. हात टरारून सुजला.

मुलीने सिस्टरबाईंना फोटो पाठवला. बाई फोनवर म्हणाल्या, “अक्षर माझंच, तात्या. पण मी रिटायर होऊन कोल्हापुरात लेकाकडे आहे. आणि या सुनंदाला मी ओळखतही नाही.”

लोक म्हणतात, तुमच्या बायकोनेच वाचवली. असं म्हणणाऱ्या दोघांना अंगणातून हाकललं. मला याचा उलगडा नाही, तुमचा नको. सुनंदा येता-जाता भाकरी ठेवून जाते. तिचा काही दोष नाही, ठाऊक आहे. तरी तिच्याशी बोलवत नाही. तिचं तोंड दिसलं की एकच येतं मनात – महिनाभर आधी का नाही?