वाचक बाहेर पडता कामा नये

काय सांगू, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मुलीचा बापच हजर नव्हता. आणि त्याला जबाबदार कोण? मुलीच्या बापाचा ब्लॉग. हसा, पण कप आधी खाली ठेवा.

निवृत्त झाल्यावर मी ब्लॉग सुरू केला. व्याकरणापासून मूळव्याधीपर्यंत एक विषय सोडला नाही. वाचक एकच, बायको. तीही मी शेजारी बसून राहिलो तरच वाचायची. शेवटी आमची मेधा म्हणाली, "बाबा, एकच विषय धरा. आणि प्रत्येक लेखात दुसऱ्या लेखाची लिंक द्या. वाचक एकदा आत आला की बाहेर पडता कामा नये."

भिवंडीत राहून एकच विषय धरायचा तर तो कोणता? ट्रॅफिक. ठाण्याहून भिवंडीत शिरायचं कसं, एवढंच मी लिहू लागलो. काल्हेरच्या लेखात लिहिलं, गोदामांचे ट्रक अडले असतील तर मानकोलीचा लेख पाहा. मानकोलीच्या लेखात लिहिलं, कंटेनर आडवा असेल तर गावातल्या रस्त्याचा लेख पाहा. गावातल्या रस्त्याच्या लेखात लिहिलं, अडचण आल्यास काल्हेरचा लेख पाहा. नोकरीभर मी अर्जदारांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत आलो. हाताला तेच वळण.

साखरपुड्याला पुण्याहून येणाऱ्या व्याह्यांना मी रस्ता सांगितलाच नाही. ऐटीत ब्लॉग पाठवला. म्हटलं, नकाशाच्या नादी लागू नका, हे वाचत या.

मुहूर्त दुपारचा. गुरुजींना पुढे दुसरं कार्य. वेळ झाली तरी मंडळींचा पत्ता नाही. मी हॉलच्या दारापासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "अहो, एका जागी बसा, मला गरगरतंय." बसलो. उठलो. उपरण्याची घडी मोडली, पुन्हा घातली. मग व्याह्यांना फोन लावला.

"साहेब, तुमचंच वाचतोय," ते थकल्या आवाजात म्हणाले. "काल्हेर झालं, मानकोली झाली, गावातला रस्ता बंद निघाला. आता त्या लेखात पुन्हा काल्हेर लिहिलंय. ते तर मघाशीच झालं ना?"

बंद? अहो, मी तरुणपणी सायकलवरून त्याच रस्त्याने यायचो. पुणेकरांना दिसला नसेल. "तिथेच थांबा, आलो," म्हणालो आणि स्कूटर काढली. मेधा नको नको म्हणत होती.

अर्थातच गावातल्या रस्त्याने गेलो. बरोब्बर मध्यावर समोर निळ्या पत्र्याची लांबलचक भिंत. रस्ता थेट तिच्या पोटात. तेवढ्यात बायकोचा फोन आला. मंडळी एका ट्रकच्या मागोमाग हॉलवर पोचली होती, आणि गुरुजी थांबायला तयार नव्हते. "तुमच्या पाटावर मेधाचा मामा बसतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाजूला खाटेवर एक म्हातारबाबा बसले होते.

"पुढे रस्ता न्हाय, काका. गोडाऊन झालंय. मगाशी पुन्याची गारी पन भिंतीच्या पल्याड अशीच आली व्हती. कोन्या शान्यानं लिवलंय म्हने. तुमीबी त्याचंच वाचून आलाव काय?"

"हो," मी म्हणालो, "आणि इथून बाहेर कसं पडायचं, त्यावर त्याचा एकही लेख नाही."