देवदत्त सरांचं ‘हो, हो’

शाळेत मी त्यांना सर म्हणते आणि घरी अहो. एकाच शाळेत नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोला एवढं नाटक करावंच लागतं. मी खाली पहिलीची पोरं सांभाळते, ते वरच्या मजल्यावर सातवीला गणित शिकवतात आणि सातवी ‘ब’चे क्लास टीचर आहेत. चेरीतालच्या घरून एकाच स्कूटरवर येतो आणि गेट आलं की मी उतरून दोन पावलं मागे राहते. हेमलता मॅडम आणि देवदत्त सर, बस.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शाळेत सरांचा दरारा होता, तो एका वाक्यामुळे. “मेरी तरफ देखकर बोलो.” पोरगं खाली मान घालून उत्तर द्यायला लागलं की सर त्याला थांबवायचे आणि चेहरा वर करायला लावायचे. नजर मिळवून बोलणारा खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पालकांना हे फार आवडायचं. जुने विद्यार्थी, आता स्वतः बाप झालेले, बाजारात भेटले तरी समोर येऊन, हनुवटी वर करून बोलायचे. मलाही ती शिस्तच वाटायची. कसली शिस्त? माणसाला ऐकू कमी येत होतं आणि तो समोरच्याचे ओठ वाचून काम भागवत होता.

हे कळलं मास्क आल्यावर. लॉकडाउनमध्ये घरून शिकवताना कानात हेडफोन आणि आवाज पूर्ण वाढवलेला, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. शाळा उघडली त्या दिवशी मी तोंडाला मास्क लावून, अगदी शेजारी उभी राहून विचारलं, “डबा घेतला का?” हे म्हणाले, “हो, हो, उद्या बघू.” संध्याकाळी ते पेपर वाचत असताना मी मागे जाऊन उभी राहिले आणि त्यांना नावानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. पान उलटलं, पण मान वळली नाही.

“तुम्हाला ऐकू येत नाही,” मी पुढे येऊन म्हटलं.

“काहून येत नाही? तू पुटपुटून राहिली तर मी काय ऐकू?”

कानाला मशीन लावा म्हटलं तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मशीन लावून वर्गात गेलो की पोरं मागच्या बाकावरून शिट्ट्या मारतील आणि महिन्याभरात मॅनेजमेंट हातात नारळ देईल, हे त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. शाळा खासगी. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली, आणि गणिताच्या जागेवर डोळा ठेवून बसलेले तरुण मास्तर काही कमी नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मीही गप्प बसले. पण तेव्हापासून, बंधन असूनही, शाळेत मी मास्क हनुवटीखालीच ठेवला. मला दम्याचा त्रास आहे, लावायला हवा होता. पण मी लावला असता तर त्यांना शाळेत समजणारं एक माणूसही राहिलं नसतं.

म्हणून मास्कचं बंधन उठलं तेव्हा मी हुश्श केलं. ते माझं हुश्श चार दिवससुद्धा टिकलं नाही. शाळेनं सांगितलं, ज्याची त्याची मर्जी. झालं, वर्गाची वाटणी झाली. अर्धी पोरं मास्कवाली, अर्धी बिनमास्कची, आणि त्यांच्या आईबापांची व्हॉट्सॲपवर जुंपली.

सातवी ‘ब’मध्ये बिनमास्कवाल्यांचे पुढारी होते योगेंद्रजी. हार्डवेअरचं दुकान, आवाज खणखणीत. माणूस भांडखोर नव्हता. त्यांची रोशनी दोन वर्षांत बोलायचीच विसरली होती, घरातसुद्धा मास्क लावून बसायची, आणि वर्गात सगळ्यांनी तोंड उघडं ठेवलं तर पोरगी बोलती होईल अशी त्यांना आशा होती. दुसऱ्या बाजूला अवंतिका. आपली मराठी, नवरा रेल्वेत, एकुलता एक मुलगा सुमेध. सगळ्या वर्गानं अजून काही महिने मास्क लावावा, एवढंच ती ग्रुपवर लिहायची. का, ते लिहायची नाही. मग लोक तिला वहमी, उगाच शंका काढणारी, म्हणायचे, आणि ती उत्तर द्यायची नाही.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? दमा एक सांगत होता, कुंकू दुसरं.

वर्गात सरांनी आपल्यापुरती युक्ती काढली. मास्कवाल्या पोरानं काही विचारलं की ते म्हणायचे, “बोर्ड पर आकर लिखो.” लिहिलेलं वाचता येतं, मग उत्तर देता येतं. घरी येऊन मला ही युक्ती सांगताना स्वतःवर इतके खूश होते की मला हसू आलं. पण पोरांनी घरी जाऊन वेगळंच सांगितलं. सर मास्कवाल्यांनाच बोर्डवर उभं करतात, बिनमास्कवाल्यांना जागेवर बसून उत्तर देऊ देतात. पालक भेटायला आले तरी तेच. योगेंद्रजी बोलले तर सर दहा मिनिटं समजावणार, मास्कवाली आई बोलली तर “हो, हो, देखते हैं” म्हणून पुढे. सर योगेंद्रच्या पार्टीत सामील आहेत, अशी बोंब झाली. ज्याला कुणाची पार्टी कुठली ते ऐकूही येत नव्हतं, तो पार्टीत.

“अहो, आता तरी प्रिन्सिपल मॅडमना सांगून टाका,” मी म्हणायची.

“काय सांगू? की इतकी वर्षं सगळ्यांना फसवून राहिलो?”

एक दिवस शाळा सुटताना मी खालून पाहिलं, गेटपाशी अवंतिका सरांशी बोलत होती. नाकावर घट्ट बसवलेला मास्क, आजूबाजूला ऑटो आणि स्कूटरींचा कलकलाट. बराच वेळ बोलली. मधे एकदा तिनं डोळे पुसले. सर मान हलवत होते, मोठ्या आपुलकीनं, आणि शेवटी हात उचलून काहीतरी धीर दिल्यासारखं बोलले. मी लगबगीनं गेले, तोवर ती निघून गेली होती.

“काय म्हणत होत्या?”

“असंच. अभ्यासाचं.”

“अभ्यासाचं सांगताना कोणी रडत नाही.”

“आजकाल आया रडतात,” ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. अवंतिकाला फोन करावा असं दहादा वाटलं. पण विचारायचं काय? माझ्या नवऱ्याला तू काय सांगितलंस, ते मला सांग? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मधल्या सुट्टीत मी वर जाऊन सातवी ‘ब’मध्ये डोकावून यायची. सुमेध दिसायचा, बारीक हातपाय आणि मास्कच्या वर सुजल्यासारखे गाल. महिन्याच्या सुरुवातीला सर बाकं बदलतात, तशी त्यांनी बदलली, आणि सुमेध खिडकीजवळून उठून मधल्या ओळीत आला. चारी बाजूंनी पोरं, त्यातली दोन खोकणारी. मला ते बघून का कोण जाणे बरं वाटलं नाही. पण मी सरांना काय म्हणणार होते?

पुढच्या आठवड्यात सुमेध शाळेत आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मास्कवाल्या पालकांनी तक्रार केली आणि प्रिन्सिपल मॅडमनी सातवी ‘ब’च्या पालकांची सभा बोलावली. पालक पोरांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसले, मॅडम एका बाजूला खुर्चीत, आणि स्टाफपैकी आम्ही दोघी-तिघी दाराशी उभ्या. सर फळ्यापुढे उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात उगाच खडू. मी अशी जागा धरली की त्यांनी मान वळवली तर मी दिसेन.

एक मास्कवाले गृहस्थ उठून म्हणाले, “सर, जो बच्चे मास्क पहनते हैं, आप उन्हीं को बोर्ड पर क्यों खड़ा करते हैं?” सर त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “जी, ज़रूर.” कुणीतरी कपाळावर हात मारला. योगेंद्रजी बोलले, त्यांना मात्र शब्दाला शब्द उत्तर मिळालं.

मग अवंतिका उठली. केस कसेबसे बांधलेले, खांद्याला मोठी पिशवी, जागरणानं डोळे लाल. ती हिंदीत बोललीच नाही.

“सर, मी तुम्हाला गेटवर सगळं सांगितलं होतं. सुमेधला किडनीचा आजार आहे, औषधांमुळे त्याच्यात कसलाही ताप झेलायची ताकद नाही, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं, कारण त्याला वर्गात कळू द्यायचं नव्हतं. त्याला खिडकीजवळच ठेवा असं मी म्हणाले, मास्कवाल्या मुलाशेजारी. तुम्ही हो म्हणालात. आणि तुम्ही त्याला उचलून मधे बसवलं. तो दवाखान्यात आहे, सर.”

मराठी न समजणाऱ्यांनाही एवढं समजलं असावं.

सर अवंतिकाकडे बघून मायेनं हसले. “हो, हो. अगदी बरोबर. तुम्ही काळजी करू नका.”

मागून कोणीतरी “बेशरम” म्हणालं. मला त्या क्षणी नवऱ्याची इतकी लाज वाटली आणि इतकी कीव आली की काय करावं सुचेना. त्यांना काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले. सुमेध दवाखान्यात आहे. तिनं तुम्हाला सांगितलं होतं.

त्यांनी ते वाचलं. खडू टेबलावर ठेवला. आता ते बाहेर निघून जातील असं मला वाटलं. पण ते पालकांकडे वळले.

“मुझे सुनाई नहीं देता,” ते म्हणाले. “होंठ देखकर समझता हूँ. मास्क हो तो कुछ भी नहीं. इन्होंने गेट पर क्या कहा था, मुझे नहीं मालूम. मैंने यूँ ही हाँ कह दिया था.”

मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. योगेंद्रजींनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या मनात चांगलंच होतं. “तो भाभीजी, मास्क उतारकर एक बार बोल दीजिए. सर समझ लेंगे.”

“यहाँ इतने लोगों में उतारूँ, और यहीं से सीधे उसके पास जाऊँ?” अवंतिका कडाडली. मग ती पिशवी बाकावर टाकून बाहेर गेली. वाटलं, गेली. पण ती व्हरांड्यातून वळून गच्चीच्या उघड्या भागात, खिडकीसमोर लांब जाऊन उभी राहिली आणि तिनं मास्क खाली केला. किती महिन्यांनी तिचा चेहरा बघत होतो आम्ही. सर खिडकीशी गेले, दोन्ही हातांनी गज धरून उभे राहिले.

ती सगळं पुन्हा बोलली. एकेक शब्द तोडून. आजार, औषध, खिडकी, बाक, तुम्ही हो म्हणालात. माझ्याकडे त्यांची पाठ होती, पण बोलणं कुठवर आलं ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. ताप त्या बाकावरून आला की आणखी कुठून, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि त्यांनी तसं म्हटलंही नाही.

ती मास्क वर करून पिशवी घ्यायला आत आली. सर तिच्या समोर गेले. माफी वगैरे काही न मागता त्यांनी विचारलं, “सुमेध आता कसा आहे?”

तिनं उत्तर दिलं, पण मान खाली घालून, पिशवीचा बंद खांद्यावर चढवता चढवता, मास्कच्या आड. विसरली बिचारी. आणि दाराबाहेर पडलीसुद्धा.

आजवर ह्या माणसानं कधी कुणाला “काय म्हणालात?” असं विचारलं नव्हतं. सगळ्या वर्गादेखत, मॅडमदेखत, ते माझ्याकडे वळले. “हेमलता, काय म्हणाल्या त्या?”

मला बदलून सांगता आलं असतं. बरा आहे म्हणाल्या, एवढं सांगितलं असतं तरी ते त्यांनी मानलं असतं, दुसरीकडून त्यांना कळणारही नव्हतं. मी पुढे गेले, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि जसंच्या तसं सांगितलं.

“ताप उतरला नाही अजून. तो आईला सारखं एकच विचारून राहिला आहे. सर माझ्यावर रागावले, म्हणून मला मधे बसवलं का?”