थंडी भरून घेणारे आप्पासाहेब

अहमदपूरला बसस्टँडमागं आप्पासाहेब बिराजदारांचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं कापडाचं. मधली भिंत पातळ, त्यामुळं त्यांचं ज्ञान मला वीस वर्षांपासून फुकट मिळतं. गिऱ्हाईक बॅटरीत पाणी घालायला येतं आणि मधुमेहावरचं व्याख्यान ऐकून जातं. मधुमेह आप्पांना नाही, त्यांच्या बायकोला, दानम्मावहिनींना आहे. पण त्यावर बोलायचा हक्क आप्पांनी स्वतःकडं ठेवलाय. डॉक्टरपुढं वहिनी नुसता हात पुढं करतात. "आमाला" काय होतंय ते आप्पा सांगतात.

अकरा वर्षांपासून वहिनींना इन्सुलिन चालू आहे आणि अकरा वर्षांत त्या एक रात्रही कुठं राहिलेल्या नाहीत. भाचीचं लग्न असो की बहिणीच्या नातवाचं बारसं, सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. "इन्सुलीन फ्रीजबाहेर नासतंय," हे आप्पांचं ठरलेलं वाक्य. त्यावर आजवर कुणी अपील केलं नव्हतं.

या मे महिन्यात आप्पांनी मोबाईलवर कुणाला तरी तंबूपुढं छोटा फ्रीज मांडून बसलेलं पाहिलं. झालं, आठ दिवसांत तसलाच फ्रीज दुकानात आला. "दानम्मा, तुला नांदेडजवळ विष्णुपुरीला नदीकाठी नेतो. एक रात्र तंबूत!" वहिनींनी त्याच दिवशी पिशवी भरली. माझ्या बायकोला ही बातमी त्यांनी तीनदा सांगितली. मी जीप देऊ केली, आणि जीप देणारा आपोआप ड्रायव्हर होतो.

जगाला नवी बॅटरी विकणाऱ्या या गृहस्थानं स्वतःसाठी मात्र एक्स्चेंजमध्ये आलेली जुनी उचलली. वर इन्व्हर्टर जोडला. फ्रीजची वायर सरळ बॅटरीला लागत होती, पण इन्व्हर्टरशिवाय काही चालतं हे कबूल करायचं म्हणजे धंद्याशी बेइमानी. मग फ्रीजवर भस्माची तीन बोटं ओढली, नारळ फुटला, आणि वहिनींनी इन्सुलिनचं पेन आत ठेवलं. लगेच आप्पांनी तापमानाचा आकडा उणे अठरावर नेला.

"इतकं थंड कशाला?" मी विचारलं.

"बॅटरी हाय तवर थंडी भरून घ्यायची. मागून बॅटरी उतरली तरी भरलेली रातभर पुरते."

आमच्या आळीत नळ आठ दिवसांनी येतो. आला की घागरी, पातेली, तांबे, वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या, हे आमच्या हाडात मुरलंय. तोच न्याय आप्पांनी थंडीला लावला. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं.

नदीकाठी पोचल्यावर दुपारभर आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून फ्रीज उघडून दाखवत होते. "हात घालून बघा, हात घालून!" वहिनी साडी खोचून घोटाभर पाण्यात उभ्या होत्या आणि उगीचच हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पाच वाजता इन्व्हर्टर कोकलायला लागला. बॅटरीनं मान टाकली होती.

"टेन्शन न्हाई. थंडी भरलेली हाय," म्हणत आप्पांनी झाकण उघडलं. पाण्याच्या बाटल्या दगड झाल्या होत्या. वहिनींनी पेन काढून उजेडाकडं धरलं. आतलं औषधही गोठलं होतं.

"उन्हात ठिव, वितळतंय," आप्पा म्हणाले.

"गोठलेलं वाया जातंय म्हनून दुकानात समद्यांला सांगता की तुमी."

"मग चला घरी," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तो पाहून माझं डोकं फिरलं.

पण वहिनी जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या. "भाऊजी, नांदेडात मेडिकल असंल की."

मेडिकलवाल्याचं नाव मोहसीन. आप्पांनी काउंटरवर कोपर टेकून "त्याचं काय हाय, आमाला..." अशी सुरुवात केली. वहिनींनी डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः पुढं केली. नवीन पेन मिळालं.

"बाबा, फ्रीज बंद पडलाय. हे रातभर टिकंल का?"

"रातभर? मावशी, त्याला फ्रीज कशाला लागतो? थर्मासात थंड पाणी फिरवून ओतून द्या, पेन रुमालात गुंडाळून आत ठेवा. बर्फाला फक्त लावू नका. माझी अम्मी असंच हजला घेऊन गेली होती. चाळीस दिवस."

वहिनींनी आप्पांकडं पाहिलं. "अकरा वर्षं," एवढंच म्हणाल्या. आप्पा काउंटरवरच्या टूथपेस्टची किंमत वाचायला लागले. मला त्यांचा राग आला आणि माझाही. भिंतीपलीकडून ते वाक्य अकरा वर्षं ऐकत मीही मान डोलावली होती.

"आज नदीवरच ऱ्हायचं," वहिनी मला म्हणाल्या. "आन् उद्या मला उदगीरला बहिणीकडं सोडा, भाऊजी. आठ दिवस ऱ्हाते."

"आठ दिवस?" आप्पा गर्रकन वळले. "मग माझ्या भाकरीचं काय?"

इन्सुलिनच्या विषयावर अकरा वर्षांत आप्पांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. मोहसीननंही मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

वहिनींनी मोहसीनकडं आणखी एक पेन मागितलं.