कोणाला दिसणार नाही असं

महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर माझ्या शेजारी बसलेल्या बाईला समजावत होती, "मूल नको असेल तर गोळ्या आहेत, तांबी आहे, तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे." बाईने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "ह्यातलं कुठलं घरात कोणाला दिसणार नाही?"

एका खोलीत सहा माणसं. डाळ-तांदळाचे डबेसुद्धा सासू उघडून बघते. तांबीचा दोरा नवऱ्याला लागेल, ही भीती. शेवटी ती इंजेक्शनवर आली. "तारखांचं कार्ड तुमच्याकडंच ठेवा, ताई."

माझ्या घरात तीन खोल्या आहेत. तरी माझ्या गोळ्या पॅडच्या पाकिटात असतात, कारण आमच्याकडे त्या एकाच वस्तूला कोणी हात लावत नाही. ज्या विटाळाची मला जन्मभर चीड आली, त्याच्याच आडोशाला मी माझं शरीर लपवून ठेवलंय.

इंजेक्शन टोचून झालं. बाईने दंडावर पदर ओढला.

"पुढच्या वेळी घरून काय सांगून निघू?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी घरी दात दुखतोय असं सांगून आले होते.