वाकवलेल्या स्पोकवरची माणसं

एकोणीसशे बासष्ट साल. मी एकवीस वर्षांचा, पैठण गेटजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलेलं. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला शाळा सुटली ती सुटलीच. वाचता येतं, लिहिताना हात अडखळतो. फुलंब्रीचा दत्तू शहरात कारकून होता, गोष्टी लिहायचा आणि पहिल्यांदा मला वाचून दाखवायचा. एका गोष्टीत त्याची ठार बहिरी रंगूबाई शेवटी जावयाच्या सायकलची घंटी ऐकून दारात धावली. मी पंक्चरवरून मान वर केली. "काय रे दत्तू, बाईचे कान कधी उघडले?" तो लाल झाला, मग इतका हसला की बशीतला चहा सांडला.

तवापासून तो गोष्टीतल्या दर माणसाची एक चिठ्ठी करायला लागला. मी जुना स्पोक वाकवून भिंतीला ठोकून दिला, त्यात चिठ्ठ्या टोचायच्या. पहिली रंगूबाईची : 'बहिरी. शेवटपर्यंत बहिरी.' पुढं नेम ठरला... चालतो कसा, चिडला की काय म्हणतो, काय सोडत नाय. बस. मी एकदा म्हणालो, "ह्याच्यापुढं लिही की, लई चांगला माणूस." तर म्हणे, "यड्या, चांगला म्हंजे कोण? त्यात समदं गाव मावतंय. चहा कसा पितो ते सांग!" साठ वर्षांत दुकानाचे पत्रे बदलले, शटर आलं, स्पोक तिथंच राहिला.

गेल्या महिन्यात दत्तूचा मुलगा पायरीशी येऊन उभा राहिला. "नाना..." एवढंच म्हणाला. मला कळलं.

शोकसभेत जो उठला तो तेच बोलला. चांगला माणूस, भला माणूस, देवमाणूस. मी मागच्या खुर्चीत धुमसत होतो. माझा दत्तू ह्यात कुठं होता? असंच चाललं तर वर्षभरात तो कुणालाच ओळखू येणार नाय. मला बोलायला बोलावलं, मी उठलो नाय. भाषण आपल्याला जमत नाय, आणि न जमणारं मी चारचौघांत करत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धंच वर केलं. चष्मा पुसला, कागद फाडला आणि एकेक अक्षर काढत लिहिलं : 'दत्तू. उजवी चप्पल घासत चालतो. चिडला की बरं महाराज म्हणतो. चहा थंड झाला तरी बोलायचं सोडत नाय.' चिठ्ठी रंगूबाईच्या लगत टोचली. हा कितीबी बोलत बसला तरी तिला ऐकू येत नाय, तिचं काय बिघडणार हाय... मग शटर पुरतं वर केलं.